राहिल्याची हजेरी

आमच्या टीव्हीसरांनी शाळेच्या टीव्हीवरचा एकही कार्यक्रम धड पाहिला नाही. टीव्ही त्यांच्या ताब्यात होता, त्याच्या लाकडी पेटीची किल्ली त्यांच्या कंबरपट्ट्याला लटकलेली असायची, काचेवर दुसऱ्या कोणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे. पण तो सुरू झाला की हा माणूस त्याच्याकडे पाठ करून उभा. तोंड आमच्याकडे. वीस-पंचवीस मिनिटं नुसता आमच्या तोंडांकडे पाहत राहायचा. सुरुवातीला आम्हा पोरींना भारी अवघड व्हायचं. चंदा म्हणून माझी शेजारची मैत्रीण होती, तिनं एकदा हिंमत करून विचारलं, "सर, तुम्ही काहून नाही पाहत?"

"मले काय पाहाचं हाय त्यात? मी दहावी पास हाय," सर म्हणाले. "तुम्ही पाहता का नाही, ते मी पाहून राहिलो."

चंदा आता म्हणते, सरांबद्दल लिहितेस तर चांगलं लिही, माणूस आता नाही. चांगलंच लिहीन, पण गोडगोड लिहिणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. या माणसानं माझं एक अख्खं वर्ष घेतलं, आणि माझ्याकडे बघत बघत घेतलं. ते कसं गेलं हे सांगितल्याशिवाय सर काय चीज होते ते कोणाला कळणार नाही.

आमची गल्ली कामठीच्या वाटेवरची, यंत्रमागांची. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत माणसं. बाबांचे दोन माग होते. सूत सेठचं, कापड सेठचं, मेहनत आमची. माग चालायचा तर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताच्या कांड्या घालाव्या लागतात, आणि कांड्या भरायचं काम बायापोरींचं. मी नऊ वर्षांची असल्यापासून भरत होते. दहावीत गेले आणि आईची कंबर धरली, तेव्हा पहाटे चारपासूनच्या सगळ्या कांड्या माझ्या एकटीच्या गळ्यात पडल्या. मागांचा खडखडाट असा की घरात हळू बोलणं आम्हाला माहीतच नव्हतं. पुढं मी विजेच्या ऑफिसात नोकरी केली, तिथं फोनवर लोक म्हणायचे, बाई ओरडता काहून. मी ओरडत नसायची, माझा आवाजच तसा.

आमच्या गल्लीतले पोट्टे आठवी-नववीत शाळा सोडायचे आणि पोरी त्याच्याही आधी. शाळेला टीव्ही आला तो त्यासाठीच. सरकारला कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, की टीव्ही दाखवला की मोठी पोरं शाळेत टिकतात. टीव्ही आला, हेडमास्तरांनी नारळ फोडला, आठ दिवस वर्ग गच्च भरला आणि नवव्या दिवशी पोरं पुन्हा मागावर. त्यावरचा धड्यांचा कार्यक्रम होता सकाळचा. सकाळी लाईन, म्हणजे वीज, असली की माग चालणार आणि माग चालला की पोरं घरी. लाईन गेली की माग बंद, पोरं मोकळी, पण तेव्हा शाळेतला टीव्हीही बंद. ही गोम शाळेतल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आली नाही. आली ती शास्त्र शिकवणाऱ्या एका किडकिडीत माणसाच्या, जो सक्करदऱ्याहून सायकलनं यायचा आणि वाटेनं स्वतःशीच भांडायचा.

सरांनी कुठूनतरी ट्रकची जुनी बॅटरी पैदा केली. त्या वर्षी आमच्याकडची लाईन आठवड्यातून तीन सकाळी जायची, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला. त्या तीन सकाळी सर शाळेजवळच्या भाजीवाल्याचा ठेला घेऊन गल्लीत हजर. ठेल्यावर टीव्ही, खाली बॅटरी, टीव्हीवर त्यांच्या बायकोची गोधडी आणि गोधडीवर सरांचा एक हात. आजारी माणसाला दवाखान्यात नेतात तसा ते टीव्ही न्यायचे. खड्डा आला की ठेला थांबवून आधी टीव्हीलाच विचारायचे, "लागलं नाही ना गा?" ठेला सर ओढायचे, आम्ही पोरी मागून ढकलायचो. बांबूला अँटेना बांधलेली होती आणि तो बांबू कोणीतरी धरून उभं राहावं लागायचं, नाहीतर शिकवणाऱ्या बाईच्या तोंडावर मुंग्या चालायच्या.

पहिल्या दिवशी चंदा बसल्या बसल्या म्हणाली, "सर, हजेरी घ्या ना."

"आल्याची हजेरी कोणीबी घेते," सर म्हणाले. "मी राहिल्याची घेतो."

म्हणजे कार्यक्रम संपल्यावर. हजेरीही नावानं नाही, नंबरानं. नाव घेतलं की लाड होतात असं त्यांचं म्हणणं. मी बावीस नंबर. रस्त्यात भेटले तरी "काय वं बावीस" आणि आईशी बोलतानाही "आपली बावीस". आईला वाटायचं मास्तर माझं वय विसरले.

आता माझी गोष्ट. जूनमध्ये आत्या भंडाऱ्याचं स्थळ घेऊन आली. मुलाचे स्वतःचे चार माग होते. चार मागांच्या कांड्या, म्हणजे माझ्यापुढं काय वाढून ठेवलं होतं ते समजा. बाबा वाईट माणूस नव्हते. आत्यासमोर मला म्हणाले, "लाईन नसन तवा सरांसमोर बस. दोन दिवस शाळेत जाय. दहावीचा फॉर्म भरला गेला तर परीक्षेपर्यंत मी लग्नाचं नाव काढत नाही. नाही भरला गेला, तर उन्हाळ्यात उरकून टाकू. मंग रडाचं नाही." मी हो म्हटलं. फॉर्म भरायला पाऊण हजेरी लागते. गल्लीतले तीन दिवस आणि शाळेतले दोन दिवस मिळून ती भरत होती. गल्लीतले दिवस काढले तर गल्लीतून दहावीला असलेल्या आम्हा अकरा जणांपैकी एकाचीही भरत नव्हती. माझं सगळं भवितव्य त्या ठेल्यावर होतं, आणि ठेला त्या विक्षिप्त माणसाच्या हातात.

पावसाळा संपता संपता पहिल्यांदा झालं. टीव्हीवरची बाई फुफ्फुसं दाखवत होती. मी पुढच्या रांगेत, मांडी घालून. कार्यक्रम संपला, सरांनी वही काढली.

"बावीस."

"हजर."

"नाही."

"मी इथंच तर बसली आहो सर."

"बसली होती. डोळे बी अर्धे उघडे होते. पण तू झोपली होती."

खोटं नव्हतं. फुफ्फुसाच्या पहिल्या पिशवीनंतर मला काही आठवत नव्हतं. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मंग उठवाचं होतं ना."

"झोपलेल्या लेकराले मी उठवत नाही. त्याले गरज असते म्हणून ते झोपते," सर म्हणाले. "पण झोपलेल्याले हजर बी लिहीत नाही."

आणि त्यांनी वहीत माझ्यापुढं 'झो' लिहिलं. ह म्हणजे हजर, गै म्हणजे गैरहजर आणि झो म्हणजे झोपला. अख्ख्या नागपुरात हे अक्षर दुसऱ्या कोणाच्या हजेरीत नसेल. त्यापुढं शेऱ्याच्या रकान्यात ते बारीक अक्षरात आणखी काहीतरी खरडायचे, पण वही कोणाला दाखवत नसत.

चंदानं मला नंतर सांगितलं, की मी झोपले की सर मागे न बघताच हात नेऊन टीव्हीचा आवाज कमी करतात. इतका कमी, की मागची पोरं सरकत सरकत पुढं येतात आणि ओठ बघून समजून घेतात. कोणी कुरकुर केली की सर म्हणायचे, "बावीस झोपून राहिली. हळू बोला." मी चंदाला म्हटलं, एवढी माया आहे तर एक ह लिहायला काय जातं त्यांचं. हिवाळ्यापर्यंत माझे सात झो झाले. इतरांचे एखाद-दुसरे होते. मी रोज बोटांवर हिशेब करायची आणि रोज तो काठावर यायचा.

मग तो मंगळवार आला. आमच्या गल्लीला एव्हाना एक सवय लागली होती. लाईन अचानक गेली की धोटा मध्येच अडकतो, सूत तुटतं, कापडावर पट्टा उठतो आणि सेठची बोलणी खावी लागतात. म्हणून लाईन जायच्या जरा आधी माग आपणच थांबवलेला बरा. पण वेळ कळणार कशी? तर सरांचा ठेला गल्लीच्या तोंडाशी दिसला, की लाईन आता जाणार. गल्लीतल्या कोणाच्याही घड्याळापेक्षा लोकांचा ठेल्यावर भरवसा जास्त. ठेला दिसला की या टोकापासून त्या टोकापर्यंत खटाखट बटणं बंद व्हायची.

त्या आठवड्यात लाईन जायचे दिवस बदलले होते. कोणाला पत्ता नाही, सरांनाही नाही. नेहमीसारखा ठेला आला, नेहमीसारखी बटणं बंद झाली, गल्ली चिडीचूप. आम्ही अकरा जण येऊन बसलो. कार्यक्रम निम्मा झाला असेल, तेव्हा आमच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली आणि तिथंच अडकली. मी वळून पाहिलं. आमच्या दारावरचा बल्ब जळत होता, सकाळपासून कोणी बंदच केला नव्हता. लाईन होती. सगळी गल्ली लाईन असताना माग बंद करून बसली होती.

सरांनी बल्बकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, परत बल्बकडे पाहिलं. आणि काही बोलले नाहीत. मीही नाही. कार्यक्रम मोडला असता तर त्या दिवसाची हजेरी गेली असती. कार्यक्रम संपला, हजेरी झाली, ठेला निघाला, आणि मग बाबांनी सहज बटण दाबलं तर माग सुरू. "अबे, लाईन तं हाय," बाबा म्हणाले, आणि सगळ्या गल्लीत पाऊण तास आपण कोणाच्या नावानं बसून होतो याची चौकशी सुरू झाली. अर्धे लोक हसले. सेठ हसला नाही. तो तडक शिक्षण खात्याच्या कचेरीत गेला. सरकारी टीव्ही गल्लीत ओढत आणतात, चालू धंदा बंद पाडतात, आणि पोरांची हजेरी घरबसल्या लावतात, असं त्यानं लिहून दिलं.

पंधरा दिवसांत तपासणीला साहेब आले. फॉर्म जायला आठवडा उरला होता. आम्हा अकरा जणांना वर्गात भिंतीला लावून उभं केलं. हेडमास्तर दाराशी, घाम पुसत. सर टेबलापाशी, हात मागे बांधून. साहेब पुण्याकडचे, चष्मेवाले, अगदी शांत बोलणारे. ओरडणारा साहेब परवडतो. शांत साहेब काय लिहून नेईल त्याचा नेम नसतो.

"टीव्ही शाळेबाहेर न्यायची परवानगी होती?"

"नव्हती साहेब."

"मागितली होती?"

"मागितली असती तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"आणि बाहेरच्या या दिवसांची हजेरी मी धरली नाही, तर?"

"तर हे अकराही पोरं दहावीले बसत नाहीत," सर म्हणाले.

साहेबांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर ते बराच वेळ थांबले. मग पुढं, एकेक पान. वर्गात पान उलटल्याचा तेवढा आवाज. मंगळवारच्या पानावर त्यांनी चष्मा वर केला आणि शेरा मोठ्यानं वाचला. "'लाईन होती. मला मध्येच कळलं. सांगितलं नाही. कार्यक्रम चालू ठेवला.' हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"स्वतःविरुद्ध?"

"जे झालं ते लिहिलं."

साहेब पुन्हा वहीत गेले. मग म्हणाले, "बावीस नंबर कोण?"

मी पुढं झाले.

"फुफ्फुसांचा कार्यक्रम झाला त्या दिवशी तुझ्यापुढं झो आहे. त्या कार्यक्रमात शेवटी काय दाखवलं?"

मी भिंतीकडे वळून पाहिलं. चंदा तिथून ओठ हलवत होती, मला सगळं कळत होतं. पण सर माझ्याकडे बघत होते, टीव्हीपुढं बघायचे तसेच. मी म्हटलं, "माहीत नाही. मी झोपली होती."

साहेबांनी चंदाला विचारलं. तिनं घडाघडा सांगितलं. मग एका पोराला विचारलं, ज्याच्यापुढं त्या दिवशी गै होतं. तो म्हणाला, मी मामाच्या गावी गेलतो. साहेबांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"मास्तर, हजेरी खरी दिसते," ते म्हणाले. "एकच प्रश्न राहिला. हा झो कुठं धरायचा? मुलगी अंगानं तर तिथं होतीच. हजर धरला तर बावीस नंबरचा फॉर्म जातो. गैरहजर धरला तर दोन दिवस कमी पडतात. तुम्ही सांगाल तसं लिहितो."

मला वाटलं, सुटले. आईची शपथ, त्या क्षणी मला साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. सरांनी फक्त एक शब्द बोलायचा होता. नुसता शब्द नव्हता तो, माझं सगळं पुढचं आयुष्य होतं, आणि हा शांत साहेब ताटात वाढून देत होता. सर माझ्याकडे वळले. त्यांच्या कपाळावर घाम होता, तो डोळ्यात उतरला तरी त्यांनी पुसला नाही.

"गैरहजर," सर म्हणाले.

"विचार करून सांगा."

"विचार करूनच सांगितलं साहेब. गैरहजर."

साहेबांनी दहा जणांची हजेरी मान्य केली. पुढच्या वेळी टीव्ही बाहेर न्यायचा तर लेखी कळवा, एवढं सांगून निघाले. माझे आकडे त्यांनी स्वतःच्या कागदावर उतरवून नेले होते, म्हणजे हेडमास्तरांच्याही हातात काही उरलं नव्हतं. शाळेशिवाय, बाहेरून परीक्षेला बसायची मुदत केव्हाच टळली होती. चंदाचा फॉर्म गेला, सगळ्यांचा गेला, माझा नाही.

मी व्हरांड्यात सरांना गाठलं. "तुम्ही हजर म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ते म्हणाले, "बावीस, घरी जा. झोप थोडी."

झोप म्हणाले मला. मी त्यांना तोंडावर सांगितलं, तुमचं तोंड पाहायची माझी इच्छा नाही. असं मी कोणाही मोठ्या माणसाला आयुष्यात म्हटलेलं नाही, आणि म्हटल्याचा मला तेव्हा जरासुद्धा पश्चात्ताप झाला नाही. रस्ताभर रडत आले. घरी येऊन कांड्या भरायला बसले, कारण सूत पडलेलंच होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला सर सायकलनं आमच्या घरी आले. बगलेत वही. माग चालू होते, बोलणं ऐकू येईना, तेव्हा बाबांनी दोन्ही माग बंद केले. लाईन असताना बाबा माग बंद करून बसलेले मी दुसऱ्यांदा पाहत होते.

"तुमच्या पोरीचा फॉर्म गेला नाही," सर म्हणाले.

"समजलं मले," बाबा म्हणाले. "तिच्या नशिबात नव्हतं. आता भंडाऱ्याले कळवतो."

"कळवा. पण आधी हे ऐका." सर मागाजवळच्या फळीवर टेकले, वही उघडली आणि शेऱ्याचा रकाना वाचायला लागले. "बावीस. झो. शेरा, आईची कंबर धरली, पहाटे चारपासून कांड्या एकटीनं. बावीस. झो. शेरा, चारपासून कांड्या, सकाळी चहा बी नाही. बावीस. झो. शेरा, चारपासून कांड्या, बोट कापलं होतं." असे सातही वाचले. मी त्यांना यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. चंदाला विचारत असतील, नाहीतर माझ्या हातांकडे बघून समजत असतील. तोंडं बघत उभं राहायचे ते यासाठी, हे मला तेव्हा कळलं.

बाबा मागाच्या कापडाकडे बघत होते.

"सात सकाळा ही पोट्टी माझ्यासमोर झोपली," सर म्हणाले. "मी तिले झोपू देलं. तुम्ही तिले चारले उठवलं. आपण दोघाईनं मिळून तिचं वर्ष खाल्लं. आता दोघाईनं भरून द्याचं."

आई आतल्या दाराशी उभी होती. बाबांनी हात चोळले, मग म्हणाले, "एक वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात मी कोणाचं ऐकणार नाही मास्तर."

"अन् चारच्या कांड्या?"

"कांड्या मी पाहीन," बाबा म्हणाले.

ते दोघं बोलत होते तेव्हा वही मागावर उघडी पडली होती. वाऱ्यानं पानं मागं गेली आणि पहिलं पान वर आलं. त्यावर सरांच्या वेड्यावाकड्या अक्षरात जूनमध्येच लिहून ठेवलेलं होतं. 'ह म्हणजे राहिला. गै म्हणजे आला नाही. झो म्हणजे झोपला, गैरहजर धरावा. हा नियम वर्षभर बदलणार नाही.' खाली सही.

साहेब ज्या पानावर बराच वेळ थांबले होते, ते हे पान. झो म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी विचारलं. सरांनी माझ्यासाठी हजर म्हटलं असतं, तर साहेबांनी तेच पान उघडून समोर धरलं असतं, आणि माझ्यासकट अकराही जणांची हजेरी खोटी ठरली असती. सरांना हे तिथल्या तिथं कळलं होतं. घाम त्याचा होता. व्हरांड्यात मी एवढं बोलले तरी या माणसानं यातलं काही मला सांगितलं नाही, आणि त्या संध्याकाळीही सांगितलं नाही. मला कळलं म्हणून माझा राग गेला असं नाही. चंदा आणि बाकीचे परीक्षेला गेले त्या सकाळी मी पुन्हा रडले. पण सायकलला टांग मारून ते निघाले तेव्हा मी दारापर्यंत गेले, आणि त्यांनी "येतो वं बावीस" म्हटल्यावर हो म्हटलं.

दुसऱ्या वर्षी माझा नंबर नऊ होता. सरांनी तो कधी वापरला नाही. ठेला आता ते मुद्दाम आमच्या दारापुढं लावायचे आणि बाबांच्या हातात बांबू द्यायचे. "तुम्ही उंच हाय, धरा," एवढंच. पहिल्या दिवशी बाबा रागारागानं धरून उभे राहिले. महिन्याभरानं बाबा कार्यक्रम संपल्यावर मला विचारायला लागले, की त्या बाईनं ते पाण्याचं काय सांगितलं. पहाटे चारला कांड्या तेच भरायचे. गल्लीतला एकही बाप्या कांड्या भरत नसे, लोक हसले, बाबांनी त्यांना शिव्या दिल्या आणि भरत राहिले. भंडाऱ्याच्या स्थळानं वाट पाहिली नाही, आत्या आमच्याशी वर्षभर बोलली नाही. मी त्या वर्षी एकदाही झोपले नाही. हट्टानं. पेंगुळले की स्वतःला चिमटा काढायची. गल्लीतल्यांत मी मोठी, म्हणून सरांनी दिवाळीनंतर वही माझ्याकडे दिली. शेवटी उभं राहून हजेरी घ्यायची मी, सही करायची त्यांनी. आणि हिवाळ्यात माझा फॉर्म गेला.

परीक्षेच्या आधीचा गल्लीतला शेवटचा वर्ग मला अजून तसाच दिसतो. त्या हिवाळ्यात सरांना खोकला लागला होता. बॅटरी पहाटे पाचला गॅरेजात लावायची, ती भरेपर्यंत तिथंच थांबायचं, मग शाळा, मग ठेला, असं त्यांचं चाललं होतं. त्या दिवशी ते पाठ करून उभे राहिलेच नाहीत. ठेल्याच्या कडेवर टेकले आणि चक्क टीव्हीकडे तोंड करून बसले. पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. सर कार्यक्रम बघतायत, हे नवलच होतं. मी मात्र त्यांच्याच सवयीनं टीव्हीकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे अर्धे उघडे होते. सर झोपले होते.

मी उठले आणि टीव्हीचा आवाज कमी केला. पोरं सरकत पुढं आली. बाबा बांबू धरून उभे होते. जन्मभर मागापाशी ओरडून बोलणारे माझे बाबा, ते मला अगदी हळू म्हणाले, "उठवू का वं मास्तरले?"

"नको बाबा," मी म्हटलं.

कार्यक्रम संपला. मी हजेरी घेतली, हळू आवाजात, एकेक नंबर. सगळे ह. मग पानाच्या तळाशी जागा होती तिथं मी 'सर' असं लिहिलं आणि त्यापुढं झो. शेऱ्यात लिहिलं, 'पहाटे पाचपासून बॅटरी. दोन वर्षं सक्करदऱ्याहून सायकल.'

टीव्ही बंद केल्यावर त्या शांततेनं त्यांना जाग आली. त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग हात पुढं केला. मी वही दिली. ते तळापर्यंत वाचत गेले आणि तिथं थांबले.

"गैरहजर धरलं ना?"

"धरलं," मी म्हटलं.

"बरोबर हाय, बावीस," सर म्हणाले. त्यांनी खाली सही केली आणि टीव्हीवर गोधडी घातली.